तांब्याचा वाण आणि गुण

बाजारांत मोरचूद मागितला असतां दुकानदार निळ्याभोर स्फटिकांचे खडे पुडींत बांधून देतो. द्राक्षांचे बागाईतदार हाच मोरचूद चुन्यांत मिसळून वेलींवर फवारतात, आणि शाळेच्या प्रयोगशाळेंतील फडताळांत त्याची बरणी हटकून असते. यांतील एक-दोन खडे कुटून कांचेच्या नळींत घातले आणि नळी मंद आंचेवर धरली, तर थोड्याच वेळांत नळीच्या वरच्या थंड भागांत पाण्याचे बिंदु जमूं लागतात. इकडे तळाशीं असलेल्या पुडीचा रंग फिका होत जातो, आणि पुष्कळ तापविल्यावर निळेपणाचा मागमूसही न राहतां राखट-पांढरी भुकटी तेवढी उरते. नळींतून बाहेर पडलें तें केवळ पाणी. तांब्याचा एक कणही कमी झालेला नाहीं. असें असतां निळा रंग गेला कोठें?

भुकटी निवल्यावर तिजवर पाण्याचा एक थेंब सोडावा. थेंब पडतांच तेवढी जागा निळी होते, आणि नळी धरणाऱ्या बोटांना ऊबही जाणवते. पाणी गेलें तेव्हां रंग गेला. पाणी आलें तेव्हां रंग आला. पेल्यांतील पाण्याला तर रंग नाहीं. तेव्हां हा निळा रंग एकट्या तांब्याचा नव्हे आणि एकट्या पाण्याचाही नव्हे. तो त्या दोघांच्या शेजाराचा रंग आहे. रसायनशाळेंत या गोष्टीचा उपयोगही करून घेतात. निर्जल म्हणविणाऱ्या मद्यार्कांत ही पांढरी भुकटी टाकली आणि ती निळी झाली, कीं मद्यार्कांत पाणी आहे हें उघड झालें.

‘ढवळ्याशेजारीं बांधला पवळ्या, वाण नाहीं पण गुण लागला,’ अशी एक म्हण सर्वांच्या परिचयाची आहे. वाण म्हणजे रंग. बैलांच्या व माणसांच्या बाबतींत ही म्हण खरी असेल. तांब्याच्या बाबतींत मात्र ती उलटी करून म्हणावी लागते. शेजार बदलला कीं तांब्याचा वाण बदलतो, पण त्याचा मूळ गुण सुटत नाहीं. या एका वाक्यांत रसायनशास्त्रांतील एक रमणीय प्रकरण सांठवलेलें आहे. आणि तांब्या-पितळेच्या भांड्यांशीं ज्यांचा रोजचा संबंध येतो, त्यांना सावध करणारी एक गोष्टही त्यांत आहे.

प्रथम रंग म्हणजे काय तें पाहिलें पाहिजे. पांढऱ्या उजेडांत तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सर्व रंगांच्या लहरी असतात. एखादा पदार्थ त्यांपैकीं कांहीं लहरी गिळून टाकतो व उरलेल्या डोळ्यांपर्यंत पोंचूं देतो. त्या उरलेल्या लहरींचा जो मेळ, तोच त्या पदार्थाचा रंग. मोरचुदाचें पाण्यांतील द्रावण तांबड्या टोकाकडच्या लहरी गिळतें. त्याचें शोषण सर्वांत अधिक होतें तें सुमारें ८०० नॅनोमीटर लांबीच्या लहरींपाशीं, म्हणजे दिसणाऱ्या तांबड्या रंगाच्याही किंचित् पलीकडे. नॅनोमीटर म्हणजे एका मीटरचा शंभर कोटीवा भाग. तांबडें गेलें, निळें उरलें. म्हणून द्रावण फिकें निळें दिसतें.

पण तांबड्याच लहरी कां गिळाव्या? मोरचुदांतील तांब्याच्या प्रत्येक कणांत इलेक्ट्रॉनांसाठीं दहा जागांचा एक गट असतो. त्यांपैकीं नऊ जागा भरलेल्या व एक रिकामी असते. कण एकटाच असता, तर या दहाही जागा सारख्याच उंचीवर राहिल्या असत्या. परंतु भोंवतीं पाण्याचे किंवा दुसऱ्या कशाचे रेणु येऊन बसले, कीं त्यांच्या विद्युत्प्रभावामुळें कांहीं जागा वर उचलल्या जातात व कांहीं खालीं राहतात. खालचा इलेक्ट्रॉन वरच्या रिकाम्या जागीं चढावयाचा, तर त्याला ठराविक शक्ति हवी. ती तो प्रकाशांतून घेतो. शेजाऱ्यांची पकड घट्ट असेल तर चढण मोठी, आणि मोठ्या चढणीला आंखूड व अधिक शक्तीची लहर लागते. पकड सैल असेल तर लांब लहरीनेंही काम भागतें. शेजारी बदलले कीं चढण बदलते, चढण बदलली कीं गिळलेली लहर बदलते, आणि त्यासरशीं रंगही बदलतो. या उपपत्तीचा पाया हान्स बेटे या जर्मन पदार्थविज्ञानवेत्त्यानें १९२९ सालीं घातला.

त्याच्याही आधीं या शेजाऱ्यांची नीट मोजदाद करून दाखविली ती आल्फ्रेड वेर्नर यानें. पुढें झुरिक येथील विद्यापीठांत अध्यापक झालेल्या या तरुणानें १८९३ सालीं, वयाच्या सव्विसाव्या वर्षीं, असें प्रतिपादन केलें कीं धातूचा कण आपल्या नेहमीच्या संयोगाखेरीज आणखीही कांहीं रेणूंना आपल्याभोंवतीं बसवून घेतो. त्यांची संख्या ठरलेली असते व दिशाही ठरलेल्या असतात. अशा संयुगांना संकीर्ण संयुगें म्हणतात. या कार्याबद्दल वेर्नर यास १९१३ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. तांब्याच्या बाबतींत ही बैठक बहुधा सहा जागांची असते. पण सहाही शेजारी सारख्या अंतरावर नसतात. चार जण चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर जवळ बसतात, आणि उरलेले दोन वर व खालीं कांहींसे दूर राहतात. मोरचुदाच्या खड्यांत पाण्याचे चार रेणु असेच जवळचे शेजारी असतात. या चौकोनी बैठकीची आणि त्या दोन दूरच्या जागांची आठवण पुढें लागणार आहे.

आतां शेजारी बदलून पाहूं. मोरचुदाच्या फिक्या निळ्या द्रावणांत अमोनियाचें पाणी थेंबाथेंबानें घातलें, तर प्रथम निळसर गाळ बनून द्रावण गढूळ होतें. हें तांब्याचें हायड्रॉक्साइड होय. अमोनिया आणखी घातला, कीं गाळ विरघळून जातो आणि द्रावणाला असा गर्द जांभळट-निळा रंग चढतो कीं पाहणाऱ्याची दृष्टि खिळून राहावी. येथें पाण्याच्या चार रेणूंना उठवून त्यांच्या जागीं अमोनियाचे चार रेणु बसले. अमोनियाची पकड पाण्यापेक्षां घट्ट, म्हणून चढण वाढली. शोषण ८०० वरून सुमारें ६०० नॅनोमीटरवर, म्हणजे नारिंगी रंगावर सरकलें, आणि त्याचा जोरही कित्येक पट वाढला. तांब्याचा एक कणही अधिक न घालतां रंग एवढा गडद झाला, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

हा गर्द निळा रंग मनुष्याला फार पूर्वीं दिसलेला आहे. आंद्रेआस लिबाव्हियस या जर्मन पंडितानें १५९७ सालीं अशी नोंद केली कीं चुन्याचें पाणी व नवसागर यांचें मिश्रण पितळेच्या भांड्याला लागलें असतां निळें होतें. चुन्यामुळें नवसागरांतून अमोनिया सुटला, पितळेंतून तांबें आलें, आणि त्या दोघांचा शेजार जुळला. नोंद झाली, पण तिचा उलगडा होण्यास वेर्नरची, म्हणजे जवळजवळ तीनशें वर्षांची, वाट पाहावी लागली.

अमोनियाऐवजीं मोरचुदाच्या द्रावणांत तीव्र हायड्रोक्लोरिक अम्ल ओतलें, तर अगदीं निराळें दृश्य दिसतें. निळें द्रावण हिरवें होतें, आणि अम्ल पुष्कळ झालें कीं पिवळट हिरवें. येथें पाण्याला हुसकून क्लोराइडचे कण तांब्याभोंवतीं बसले. क्लोराइडची पकड पाण्यापेक्षां सैल, म्हणून तांबड्याकडचें शोषण आणखी दूर सरकलें. शिवाय क्लोराइडकडील इलेक्ट्रॉन तांब्याकडे झेप घेऊं लागल्यामुळें जांभळ्या टोकाच्या लहरी गिळल्या जाऊं लागल्या. जांभळें गेलें कीं पिवळें दिसतें; तें पिवळें आणि उरलेल्या जलयुक्त कणांचें निळें मिळून हिरवें. याच हिरव्या द्रावणांत भरपूर पाणी ओतलें, तर तें फिकें हिरवें व्हावें अशी अपेक्षा असते. पण तें चक्क निळें होतें! पाण्याची गर्दी वाढली, क्लोराइड मागें हटलें, आणि पहिले शेजारी आपल्या जागीं परतले. कोणता शेजारी किती घट्ट धरतो याची क्रमवार यादी जपानांतील ओसाका येथील र्‍युतारो त्सुचिदा यानें १९३८ सालीं सिद्ध केली. त्या यादींत क्लोराइड खालीं, पाणी त्याच्या वर आणि अमोनिया पाण्याच्याही वर आहे.

येथवर शेजारी मुद्दाम घातलेले होते. परंतु ज्या द्रवांत पदार्थ विरघळवावयाचा तो द्रवही स्वस्थ बसत नाहीं. द्रावक म्हणजे केवळ एक धर्मशाळा, तेथें पाहुण्यानें यावें आणि जसा आला तसाच राहावें, अशी सर्वसाधारण समजूत असते. तांब्याचें क्लोराइड ही समजूत खोटी पाडतें. भरपूर पाण्यांत तें निळें दिसतें; मद्यार्कांत विरघळवलें तर हिरवें दिसतें; आणि नखांचा रंग पुसण्यासाठीं वापरतात त्या अॅसिटोनमध्यें तें पिवळेपणाकडे झुकतें. पदार्थ तोच, पण तीन पेल्यांत तीन रंग! कारण असें कीं पाणी तांब्याच्या कणालाही वेढतें व क्लोराइडच्या कणालाही वेढतें, आणि त्या दोघांची फारकत करतें. मद्यार्काच्या अंगीं हें सामर्थ्य कमी आणि अॅसिटोनच्या अंगीं त्याहूनही कमी. म्हणून त्यांत क्लोराइड तांब्याला सोडून जात नाहीं आणि त्याच्या शेजाराचा रंग कायम राहतो.

याहूनही मौजेचा प्रयोग जपानी रसायनज्ञांनीं केला. तोकियो येथील ओचानोमिझु विद्यापीठांतील युताका फुकुदा व कोझो सोने यांनीं तांब्याच्या अशा संकीर्ण संयुगांचा अभ्यास केला, कीं ज्यांत चौकोनाच्या चारही कोपऱ्यांवरचे शेजारी पक्के बांधलेले असतात आणि वर-खालच्या त्या दोन दूरच्या जागा तेवढ्या मोकळ्या राहतात. असें संयुग ज्या द्रावकांत टाकावें त्याचे रेणु त्या मोकळ्या जागीं येऊन टेकतात. द्रावक अलिप्त वृत्तीचें असेल तर ते टेकतच नाहींत व द्रावण जांभळट दिसतें. द्रावक थोडें उदार असेल तर निळें, आणि फार उदार असेल तर हिरवट निळें. वर-खालून शेजारी जितके जवळ सरकतात, तितकी चौकोनांतल्या चौघांची पकड सैल होते, चढण कमी होते, शोषण तांबड्याकडे सरकतें, आणि रंग जांभळ्याकडून हिरव्याकडे जातो.

या उदारपणाचें मापही ठरलेलें आहे. व्हिएन्ना येथील व्हिक्टर गुटमान यानें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत प्रत्येक द्रावकाला त्याच्या इलेक्ट्रॉन देऊं करण्याच्या वृत्तीप्रमाणें एक अंक दिला. नायट्रोमेथेनचा अंक २·७, अॅसिटोनचा १७, डायमेथिल सल्फॉक्साइडचा २९·८ आणि पिरिडीनचा ३३·१. त्या तांब्याच्या संयुगाचे रंग या अंकांशीं पुष्कळ अंशीं जुळतात. म्हणजे एका चिमूटभर संयुगाचा रंग पाहून अपरिचित द्रावकाच्या उदारपणाचा अंदाज करतां येतो. ज्या शेजारामुळें तांब्याला रंग चढला, त्या शेजाऱ्याचीच परीक्षा आतां तांबें करूं लागलें!

परंतु येथें एक भेद काळजीपूर्वक पाळला पाहिजे. वर सांगितलेल्या सर्व प्रयोगांत तांब्याचे शेजारी बदलले. तांबें स्वतः बदललें नाहीं. कांहीं प्रयोगांत मात्र तांबेंच बदलतें. मधुमेहाच्या रोग्यांच्या घरीं एके काळीं बेनेडिक्टच्या निळ्या औषधाची बाटली असे. स्टॅन्ले बेनेडिक्ट या अमेरिकन रसायनज्ञानें विसाव्या शतकाच्या आरंभीं हें द्रावण तयार केलें. त्यांत मोरचूद, धुण्याचा सोडा आणि सोडियम सायट्रेट असतें. सायट्रेटचें काम हेंच कीं तांब्याला धरून ठेवावें व सोड्यामुळें त्याचा गाळ होऊं देऊं नये. पांच मिलिलिटर द्रावणांत लघवीचे आठ थेंब घालून उकळलें, कीं साखरेच्या प्रमाणाप्रमाणें रंग हिरवा, पिवळा, नारिंगी किंवा विटकरी होई. येथें साखर तांब्यालाच एक इलेक्ट्रॉन देते. रिकामी राहिलेली दहावी जागा भरते, आणि तांब्याचें तांबडें ऑक्साइड तळाशीं बसतें. हें स्थित्यंतर नुसतें पाणी ओतून उलटवितां येत नाहीं. शिवाय हें द्रावण मधुमेहाच्या साखरेलाच ओळखतें असेंही नाहीं. अंगावर दूध पाजणाऱ्या मातेच्या लघवींत उतरणारी दुधांतली साखर किंवा मोठ्या मात्रेंत घेतलेलें क जीवनसत्त्व यांनींही रंग पालटूं शकतो. म्हणून नुसता हिरवा रंग पाहून घाबरून जाणें आणि नुसता निळा पाहून औषध सोडून देणें, हीं दोन्हीही चुकीचीं होत. पुढें रक्तांतील साखर थेट मोजणाऱ्या पट्ट्या आल्या आणि ती बाटली घरांतून नाहींशी झाली.

तेव्हां हिरवा रंग एक, पण त्याचीं कारणें अनेक. क्लोराइडच्या शेजारानें आलेला हिरवा, बेनेडिक्टच्या नळींत पिवळा गाळ व निळें द्रावण मिसळून दिसणारा हिरवा, आणि पितळी भांड्याच्या कांठावर चढणारा जंगालाचा हिरवा, हे तिन्ही डोळ्यांना सारखे वाटले तरी निरनिराळ्या गोष्टी सांगतात. रंग साक्ष देतो खरा. पण साक्षीदार कोणाच्या शेजारीं उभा आहे, हें विचारल्यावांचून त्याच्या साक्षीचा अर्थ लागत नाहीं.

स्वयंपाकघरांत या विचाराचें महत्त्व विशेष आहे. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यांत ताक ठेवलें तर तें कळकतें, हें घरोघरच्या वडीलधाऱ्या स्त्रिया पिढ्यान्पिढ्या जाणत आल्या आहेत. ताकांतलें अम्ल आणि हवेंतला प्राणवायु मिळून तांबें सोडवून घेतात. ताक, कढी, चिंचेचें सार, लिंबाचें सरबत, लोणचें, हे सर्व पदार्थ तांब्याला भांड्यांतून ओढून काढणारे आहेत. अलीकडे तांब्याच्या बाटल्या व पेले पुन्हां आवडीनें वापरले जातात. त्यांत साधें पाणी ठेवणें निराळें आणि लिंबू पिळलेलें सरबत ठेवणें निराळें. पहिल्यांत तांबें फार थोडें उतरतें, दुसऱ्यांत पुष्कळ. शरीराला तांबें हवें असतें हें खरें. पण तें दिवसाकांठीं सुमारें एक मिलिग्रॅम, आणि तें धान्य, डाळी, तीळ, दाणे यांतून सहज मिळतें. जागतिक आरोग्य संघटनेनें पिण्याच्या पाण्यांतील तांब्याची मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅम अशी सांगितली आहे. प्रमाण वाढलें कीं मळमळ, वांती, पोटांत कळा हे विकार होतात.

आतां पुष्कळांचा असा समज असतो कीं पदार्थांत तांबें उतरलें तर तो निळा-हिरवा दिसेलच. दिसला नाहीं म्हणजे धोका नाहीं. रंगाचें शास्त्र याच्या अगदीं उलट सांगतें. लिटरांत २ मिलिग्रॅम एवढ्या तांब्याचा निळेपणा पेल्यांत पाहून कोणाच्याही डोळ्यांना कळत नाहीं. तो दिसूं लागण्यास तांबें त्याच्या कित्येक पट असावें लागतें. ताक पांढरें व दाट, चिंचेचें सार तपकिरी. त्यांत तर अधिक प्रमाणही लपून जातें. म्हणजे रंग दिसला तर मर्यादा केव्हांच ओलांडलेली असते, आणि रंग न दिसला तरी ती ओलांडलेली नाहीं असें होत नाहीं. भरंवसा ठेवावयाचा तो कल्हईवर. कल्हईवाला भांडें तापवून, नवसागरानें त्याचा मळ काढून, आंतून कथलाचा जो पातळ थर देतो, तो आंबट पदार्थ आणि तांबें यांच्यामध्यें भिंत घालतो. त्या थरांतून तांबूस-पिवळा धातु डोकावूं लागला, कीं त्या भांड्यांत आंबट पदार्थ करूं नये. तें पुन्हां कल्हईला द्यावें. आंबट पदार्थ साठवून ठेवण्यास कांच, चिनी माती किंवा स्टेनलेस स्टील हेंच बरें.

मोरचुदाविषयींही हीच दक्षता हवी. निळा खडा पाहून मूलही बिचकेल. परंतु तापवून पांढरा झालेला मोरचूद मीठ किंवा सोडा म्हणून सहज खपेल, आणि तो निळ्या खड्याइतकाच विषारी आहे. पाणी गेलें, वाण गेला; विष कोठेंही गेलें नाहीं. अशा भुकटीची बाटली चिठ्ठी चिकटवल्यावांचून ठेवूं नये आणि स्वयंपाकघरांत तर मुळींच आणूं नये. चुकून पोटांत गेल्यास घरच्या घरीं वांती करविण्याच्या खटपटीस न लागतां बाटलीसह तडक डॉक्टरांकडे जावें.

पांढरें, फिकें निळें, गर्द निळें, हिरवें, पिवळें, जांभळें, अशीं तांब्याचीं हीं नाना रूपें नुसतीं पाहणाऱ्याला सुंदर वाटतात आणि त्यांचें कारण जाणणाऱ्याला अधिकच सुंदर वाटतात. ज्याला कारण कळलें, तो रंगानें भुलत नाहीं व रंगाच्या अभावानेंही फसत नाहीं. तो प्रत्येक वेळीं दोन प्रश्न विचारतो: तांबें किती आहे, आणि त्याच्या शेजारीं कोण आहे? पहिल्याचें उत्तर नुसत्या डोळ्यांनीं मिळत नाहीं, त्याला मोजमाप लागतें. दुसऱ्याचें उत्तर मात्र, पाहण्याची रीत ठाऊक असेल तर, रंगच देतो.